जपानी बागेला बागवान पाहिजे

लातुरात त्या काळी उशिराला शिक्षा होती. वर्गाला उशीर, चाचणीला उशीर, मेसच्या ताटाला उशीर, सगळ्याला बोलणी ठरलेली. लवकर पोचल्याबद्दल शिक्षा मिळेल अशी अख्ख्या शहरात एकच जागा होती, आणि ती शिक्षा मी मन लावून भोगलेली आहे.

ती जागा म्हणजे आमच्या क्लासच्या मागची जपानी बाग. हसून घ्या, मी थांबते. भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. ट्रक जोरात गेला तरी माणसं अजून दारात येऊन उभी राहायची. आणि त्याच गल्ल्यांमधून, पत्र्याच्या शेडमध्ये, सकाळी सहापासून भौतिकशास्त्र शिकवलं जात होतं. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. अशा गावात, जिथं मार्चनंतर टँकर आला की बादल्यांची मारामारी व्हायची, आमच्या सरांनी फिरायची जपानी बाग काढली होती. बसायची नाही, फिरायची. हौदाभोवती वळत वळत एक वाट जाते, त्या वाटेनं हळूहळू चालायचं आणि बघायचं. रविवारी चाचणी संपली की सर आम्हाला एकेक करून आत सोडत. एक फेरी, वीस मिनिटं, तोंड बंद. फाटकाशी सर स्टॉपवॉच घेऊन उभे. वीस मिनिटांच्या आत जो बाहेर येईल तो परत आत.

पहिल्या रविवारी मी चार मिनिटांत बाहेर.

"काय बघितलंस?" सरांनी विचारलं.

"बाग, सर."

"बागेत काय?"

"झाडं."

"आणि?"

"आणि अब्बा."

मागची रांग हसली. सर हसले नाहीत. "परत जा."

अब्बा आत होते हे मात्र खरं. त्या बागेचे बागवान माझे वडील होते. इथंच सगळी भानगड आहे, म्हणून जरा मागं जाते.

आम्ही नांदेडचे. जातीनं बागवान. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडं बागवान म्हणजे फळं विकणारा. नावात बाग आहे खरी, पण ती कुठल्या पणजोबाच्या काळात हातातून गेली ते अल्ला जाणे. माझ्या माहितीतल्या एकाही बागवानानं झाड लावलं नव्हतं. अम्मी तर म्हणायची, "ह्यांच्या हातानं कधी पुदिना बी लागला न्हाई." आणि पुदिना तर कुणाच्याही हातानं लागतो, चहाच्या गाळाबरोबर फेकला तरी लागतो.

अम्मीला पोटदुखी होती. तिला तीन डॉक्टरांकडं नेलं, तिघेही पुरुष, आणि तिघांनाही तिनं 'जरा इथं' असं म्हणून पदराकडं बोट दाखवलं. त्यावर तिघांनी तीन वेगळी औषधं दिली. तेव्हा अब्बांनी ठरवलं, घरात एक बाईडॉक्टर पाहिजे. घरात मुलगी मी एकटीच. मला दहावीला बरे मार्क पडले आणि आम्ही गाशा गुंडाळून लातूरला आलो. अब्बांनी गंजगोलाईत फळांचा गाडा लावला आणि मला घेऊन सरांच्या क्लासला गेले. कारकून म्हणाला, बॅच भरली. परत गेलो. परत भरली. 'बरे' मार्क नांदेडात बरे होते, लातुरात त्यांना कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

त्याच सुमाराला सर जपानहून आले होते. तसं ते सांगायचे. तिथं म्हणे एका बागेत फिरताना त्यांना उमगलं, की पोरांचं चित्त बाकावर बसवून जागेवर येत नाही, हळू चालवून येतं. येताना त्यांनी त्या बागेचं एक कॅलेंडर आणलं होतं. बारा महिने, बारा चित्रं, बाग एकच. ऑफिसच्या भिंतीला भूकंपात तडा गेला होता, त्या तड्यावरच ते टांगलेलं. कॅलेंडरची खालची पट्टी कात्रीनं कापून टाकलेली होती. ही पट्टी लक्षात ठेवा.

सर शिपायाला म्हणाले, "एक चांगला बागवान बघून आण."

माळी म्हणाले असते तर माळी आला असता. पण सर कोकणातले. माळी म्हटलं की त्यांना कोथिंबिरीची जुडी दिसायची, आणि जपानी बागेला शब्द भारदस्त हवा होता. शिपाई पडला औशाकडचा. बागवान कुठं मिळतो ते त्याला चांगलं ठाऊक. तो सरळ गंजगोलाईत गेला आणि पहिल्या गाड्याशी थांबला.

"बागवान का?"

"हाव."

"सरांनी बोलावलंय."

अब्बांना वाटलं, मोठी ऑर्डर. ते वानगीला चार पेरू घेऊन गेले. सरांनी विचारलं, "बागवान ना तुम्ही?" अब्बा म्हणाले, "जी, सात पिढ्यांचे." सरांचे डोळे चमकले. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "असं करता येईल?" अब्बांना वाटलं, कुठल्या समारंभाला फळांची मांडणी करायची आहे. "जमंल की." मग सर म्हणाले, "मागच्या मोकळ्या जागेत. आणि वर्षभर सांभाळावी लागेल." तेव्हा कुठं अब्बांच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगून टाकायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून बॅचची पाटी दिसली, आणि त्या उघडलेल्या तोंडातून निघालं ते असं:

"करतो सर. पण माझी एक पोरगी हाय."

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर.

घरी अम्मीनं कपाळाला हात लावला. "हौले झाले का तुमी? कडुलिंब आन बकाणातला फरक तरी कळतो का?"

"शिकतो की. रोज शेतकरी माल घेऊन येतात. त्यांना फळाचा भाव विचारून राहिलो आजपर्यंत. आता झाडाचं विचारीन."

"आन सरांना कळलं तर?"

"कळलं तर पोरगी बाहेर." अब्बांनी माझ्याकडं बघितलं. "म्हणून कळू द्यायचं न्हाई. शिपायाला रोज दोन केळी देतो, तो बोलणार न्हाई. बागेत मी तोंडच उघडणार न्हाई. माझा आवाज बाजारचा. बोललो की केळी विकल्यागत होतं."

यात काही खोटं नव्हतं. अब्बांचा आवाज नांदेडात तीन गल्ल्या पलीकडं जायचा. तो आवाज त्यांनी दोन वर्षं गिळला. सकाळी बाग, संध्याकाळी बसस्टँडच्या मागं गाडा, तोंडाला रुमाल बांधून. आता मला सांगा, या असल्या बागेत मी स्वस्थ कशी चालणार? माझ्या पायाला मुळातच भिंगरी, त्यात प्रत्येक वळणावर वाटायचं की आता कुणीतरी झाडाचं नाव विचारणार, अब्बांच्या तोंडून 'डझनाला घ्या' निघणार, आणि माझा बाक जाणार.

बागेला दगड लागतात, निदान चित्रात तरी दिसत होते. सरांनी ट्रक ठरवला आणि अब्बांना किल्लारीला पाठवलं. जुन्या गावठाणात पडलेल्या घरांचे काळे दगड पडून होते. गाव नव्या जागेवर गेलं होतं. मी केबिनमध्ये बसून गेले, कारण त्या दिवशी खोलीत बसायचं नव्हतं, एवढंच कारण. अब्बा दगड हाताळत फिरत होते. एकाला चुलीची काजळी होती, एकाला दाराची खुंटी फिरून फिरून पडलेली वाटी. एका दगडावर एक म्हातारी बसलेली होती. नव्या वस्तीतून रोज चालत यायची म्हणे.

"कुठं नेताव दगडं?"

"लातूरला. बागेत ठिवायला."

"बागेत? फुलं न्हाईत व्हय तुमच्याकडं?"

अब्बा हसले. "फुलं जातेत मावशी. सायबाला न जाणारं कायतरी पायजेल."

म्हातारी उठली. ज्यावर बसली होती तो दगड तिनं पायानंच दाखवला, हा पण ने म्हणून. मग म्हणाली, "ने बाबा. पर एकावर एक ठिवू नगंस. लई उरावर बसली हायती ती. निजू दे आता."

"न्हाई ठिवणार."

"आण घे."

अब्बांनी दगडावर हात ठेवला. मी तिथं चुळबूळ केली नाही. एवढं नक्की आठवतं, कारण माझ्या आयुष्यात तसं फार वेळा झालेलं नाही.

आता मांडणी. जपानातला बागवान काय करतो ते अब्बांना ठाऊक नव्हतं, पण गाड्यावर काय करायचं ते पाठ होतं. सगळा माल एकदम दाखवायचा नाही. गिऱ्हाइकाला आधी पपई दिसली पाहिजे, पपईच्या आडून मोसंबी डोकावली पाहिजे, आणि अंगूर तर जवळ आल्यावरच. तेच त्यांनी बागेत केलं. फाटकातून हौद दिसणार नाही. करंजाच्या आडून वळलात की पाण्याचा तुकडा दिसेल, की लगेच झुडूप आडवं. पुढं गेलात की दगड. आणखी पुढं, जेव्हा तुम्ही हौदाचं विसरलेले असता, तेव्हा आख्खा हौद. प्रत्येक दगड ते उलटसुलट करून बघायचे. "टरबुजासारखं हाय बेटा. ह्याला बी एक तोंड असतं. डागाची बाजू खाली." आणि दगडाशेजारी दगड, पण एकावर एक नाही. कॅलेंडरातल्या प्रत्येक चित्रात एक दगडी दिवा होता, चार-पाच दगडांची उतरंड आणि वर टोपी. सर म्हणायचे, "दिव्याचं कधी?" अब्बा मान डोलवायचे आणि दुसरीकडं पाणी घालायला जायचे.

पहिले सात-आठ महिने झाडं रुजण्यात गेले. मग ऋतूंचा तमाशा सुरू झाला, कारण भिंतीवर जो महिना तोच बागेत दिसला पाहिजे, असा सरांचा हट्ट.

कॅलेंडरात एप्रिलला गुलाबी फुलांची झाडं होती. एका शेतकऱ्यानं अब्बांना सांगितलं, बांधावर असतं त्या झाडाच्या फांद्या रोवा, पटकन लागतं. फेब्रुवारी सरता सरता त्या फांद्यांची पानं गळाली आणि काडीकाडीवर गुलाबी फुलं लगडली. सर धावत आले. "चेरी! हुबेहूब चेरी! काय म्हणतात याला इथं?" अब्बा गप्प. शिपाई म्हणाला, "उंदीरमारी, सर." सर जरा वेळ फुलांकडं बघत राहिले. "हे नाव पालकांना सांगायचं नाही." मग ऑफिसात जाऊन त्यांनी कॅलेंडरची पानं सरळ एप्रिलपर्यंत उलटली. त्या रविवारी मी सहा मिनिटांत बाहेर आले आणि परत आत गेले.

खऱ्या एप्रिलात हौद आटला. टँकर माणसांनाच पुरत नव्हता, बागेला कोण देणार? तळाशी नुसती वाळू. गाड्यावरची टोपली रिकामी पडली की अब्बा तिच्यावर ओलं गोणपाट नीट घडी घालून पसरायचे, रिकामं आहे हे लपवायला. तशी त्यांनी वाळू दाताळ्यानं ओढली. लांब लांब रेघा, दगडाशी आल्या की दगडाला वळसा घालून पुढं. दुपारच्या उन्हात ते पाण्यासारखं दिसायचं. मी त्यात एकदा चप्पल बुडवून बघितली. दुसऱ्या दिवशी अब्बांनी माझ्या पावलाभोवतीही रेघांचा वळसा काढून ठेवला होता.

हे ते मुद्दाम करत. आमचा दोघांचा मुका डाव चालला होता. मी कुठं पळते ते ते झाडाआडून बघून ठेवायचे, आणि पुढच्या रविवारी नेमकं तिथं काहीतरी असायचं. सरळ वाटेवर दगडांची अंतरं बदललेली, एक लांब, एक जवळ, म्हणजे खाली बघूनच पाय टाकावा लागे. नाहीतर एक फांदी इतकी वाकवलेली की मान घालून जावं लागे. मीही कमी नव्हते. उलटी चालायचे, लंगडी घालायचे, आवर्तसारणी पाठ म्हणायचे. वीस मिनिटं मात्र भरायची नाहीत. अब्बा खुरपं हातात घेऊन मान हलवायचे, तोंडातून एक शब्द नाही. घरी आल्यावर मात्र सुटायचे. "आजार हाय का तुला? मुंगी बी तुझ्यापेक्षा सावकाश जाते!"

पावसाळ्यात तर दगडच पळायला लागले. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाऊस पडला की फुगते. सोमवारी नीट ठेवलेला दगड रविवारी वीतभर सरकलेला, कललेला. सर घाबरले, म्हणाले, पुन्हा धक्का बसला की काय. अब्बा रोज सकाळी दगड जागेवर आणायचे, की ते परत चालू पडायचे. आमच्या बागेत माणसांना हळू चालायची सक्ती होती आणि दगडांना मोकळीक. त्या दिवसांत माझी फेरी अकरा मिनिटांवर गेली, पण ते श्रेय चिखलात अडकणाऱ्या चपलेचं.

नोव्हेंबरला कॅलेंडरात लाल पानं. लातुरात त्या महिन्यात लाल होणारी एकच गोष्ट अब्बांना सापडली, ती म्हणजे लाल अंबाडी. हौदाच्या काठानं त्यांनी ती दाट पेरली होती. लाल देठं, लाल बोंडं, खाली पाण्यात पडलेली लाल सावली. सर खूष. पण हॉस्टेलच्या मुलींना अंबाडी दिसल्यावर कुठला जपान? एका आठवड्यात काठ साफ. जपानचा शरद ऋतू आम्ही लसूण घालून भाकरीबरोबर खाल्ला.

आणि मग आला जानेवारी. भिंतीवर बर्फ.

त्या रविवारी पालकांचा मेळावा होता. सरांनी अब्बांना चित्र दाखवलं आणि म्हणाले, "थोडासा तरी." अब्बा पहाटे बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले, फोडल्या, आणि करंजावर, दगडांवर, कडेच्या गवतावर पसरल्या. नऊ वाजता ते खरंच चित्रासारखं दिसत होतं. साडेनऊला कडा ओल्या झाल्या. अकरा वाजता पालक आले तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता. नुसती थेंब गाळणारी झाडं आणि काळेभोर ओले दगड. सरांचा चेहरा पडला.

पालकांत विष्णुपुरीचे एक निवृत्त इंजिनियर होते, धरणावर नोकरी झालेले. नातीला क्लासला घालायचं म्हणून नांदेडहून आले होते. ते फाटकातून आत शिरले आणि थांबले.

"वा! पाहुणे यायच्या आधी दगड ओले केलेत. तिकडं अगदी असंच करतात हो."

"तिकडं म्हणजे?" सरांनी विचारलं.

"जपानला. धरणाच्या कामासाठी खात्यानं पाठवलं होतं मला. सहा महिने होतो."

सरांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. मला सरांच्या मागून चालायचं होतं, पाहुण्यांना पाणी द्यायला. इंजिनियरसाहेब चालत होते म्हणजे काय सांगू. एका दगडावर पाय ठेवायचे, बघायचे, श्वास घ्यायचे, मग दुसरा पाय. माझ्या हातातल्या ट्रेमध्ये पेले वाजत होते. अब्बा हौदापलीकडं अंबाडीची खोडं उपटत पाठमोरे बसले होते. मी मनात म्हणत होते, चला हो, चला, झाडाचं नाव विचारू नका, चला.

साहेबांनी नाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "दगडी दिवा नाही कुठं?"

"पुढच्याच महिन्यात," सर घाईनं म्हणाले. "याच दगडांचा रचणार आहोत. हे दगड किल्लारीचे आहेत, तेवढीच आठवण. एकावर एक चढवून चांगला पुरुषभर उंच—"

"न्हाई सर."

आवाज हौदापलीकडून आला. दोन वर्षं गिळलेला, आख्खाच्या आख्खा. पालक दचकले. अब्बा उठून उभे राहिले होते, हातात उपटलेलं खोड.

"एकावर एक ठिवायचा न्हाई. ज्या माउलीचे हायेत तिला शब्द दिलाय. ह्या दगडांखाली माणसं गेली, सर. आता ते आडवेच ऱ्हातील. दिवा पायजे तर मातीचा आणून देतो."

मला आधी अब्बांचा राग आला. त्या म्हातारीला काय कळणार होतं? गप्प बसले असते तर? पण मग इंजिनियरसाहेबांचा चेहरा दिसला आणि राग तिथंच राहिला. ते मान तिरकी करून ऐकत होते, आवाज संपल्यावरही.

"अहो बागवान!" ते ओरडले. "तुम्ही!"

"हो, हे आमचे बागवान," सर खुलून म्हणाले.

"तुमचे कधीपासून? आमचे आहेत! पंधरा वर्षं केळी घेतली यांच्याकडून. अहो, तुम्ही गेल्यापासून नांदेडात धड केळं मिळालं नाही मला. आणि इथं कशाला माती उकरताय?"

सरांनी अब्बांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत अब्बांकडं. "केळी?"

माझा बाक मला अगदी डोळ्यांसमोर दिसला, तिसऱ्या रांगेतला, आणि त्यावर दुसरीच कुणीतरी बसलेली. मी ट्रे खाली ठेवला. त्या घटकेला पळायला वाट होती, पाय होते, आणि मी हलले नाही.

पण साहेबांना उत्तर नकोच होतं, ते आपल्याच आनंदात होते. वळून म्हणाले, "सर, ही उन्हाळ्यात कोरडी ठेवता का? वाळूच्या रेघा काढता? मला दाताळं दिसलं तिकडं. तुम्ही कुठल्या गावची बाग बघून आलात? मी होतो त्या गावात अशीच एक होती."

"मी... ती..." सर म्हणाले. "मोठी होती. स्टेशनजवळ."

"कुठलं स्टेशन?"

सरांनी रुमाल काढला. जानेवारीत, ओल्या बागेत, सरांना घाम फुटला होता. गिऱ्हाईक फळ हातात घेऊन कसं बघतं यावरून त्याला घ्यायचंय की नुसतं चाचपायचंय, हे ओळखण्यात अब्बांची हयात गेलेली. त्यांनी सरांकडं एकदा बघितलं आणि हौदाला वळसा घालून सावकाश अलीकडं आले.

"सायेब," ते म्हणाले, "मला केळीपलीकडं काय येतंय? सरांनी जसं सांगितलं तसं करून राहिलो. सर म्हणले, सगळं एकदम दाखवू नको. थोडं दाखव, थोडं झाक. सर म्हणले, माणूस चालंल तशी बाग उघडली पायजे. आपण फक्त हमाल."

यातलं एक अक्षर सर कधी म्हणाले नव्हते.

इंजिनियरसाहेबांनी सरांचा हात हातात घेतला. "नेमकं हेच! तिथल्या माणसानं मला हेच सांगितलं होतं. हे डोळ्यांनी बघून कळत नाही, मुरावं लागतं." सरांनी घाम पुसला, अब्बांकडं बघितलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "हे बागवान आहेत म्हणून झालं." नात दुसऱ्या दिवसापासून क्लासला.

पालक गेल्यावर सरांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. दार लावलं.

"तुम्हाला झाडातलं काय येत होतं हो, इथं आलात तेव्हा?"

अब्बा म्हणाले, "तुमाला जपानातलं येतंय तेवढं, सर."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सर खुर्चीत मागं रेलून, आवाज न करता, खांदे हलवत हसत होते. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून कागदाची एक लांब पट्टी काढली आणि अब्बांपुढं टाकली. कॅलेंडरची खालची पट्टी. तिच्यावर हैदराबादच्या एका पाणबुडी मोटारीच्या दुकानाचा पत्ता होता. सरांची जपानवारी तिथवर झाली होती.

"कुणाला सांगू नका," सर म्हणाले.

"कशाला सांगू?" अब्बा म्हणाले. "बाग तर खरी हाय ना."

सर उठले, मला म्हणाले, "तू काय बघतेस? तुझी फेरी राहिलीय आजची." म्हणून मी गेले. परत आले तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं, स्टॉपवॉच सरांच्या खिशातच होतं. त्या फेरीला किती मिनिटं लागली ते मला ठाऊक नाही.

बाक राहिला. पण बारावीला मार्क पडले ते बाईडॉक्टर व्हायला कमी पडले. अब्बा दोन दिवस गाड्यावर ओरडले नाहीत, तिसऱ्या दिवशी ओरडले. अम्मीची पोटदुखी शेवटी मीच निस्तरली. नांदेडला एका बाईडॉक्टरकडं तिला घेऊन गेले आणि मधे बसून अम्मीच्या 'जरा इथं'चं भाषांतर केलं. पित्ताचे खडे निघाले.

बी.एस्सी.ला नाव घालायला अब्बाच बरोबर आले होते. खिडकीतल्या कारकुनानं माझा फॉर्म बघून परत सरकवला.

"वडिलांचा व्यवसाय विचारलाय, बाई. जात नाही. हे खोडा."

मी अब्बांकडं बघितलं. ते खिडकीच्या बाजूच्या कुंडीतलं वाळलेलं पान चिमटीनं काढत होते, आणि ते काढून झाल्यावर कुंडी जराशी फिरवली, चांगली बाजू रांगेकडं यावी म्हणून.

"व्यवसायच लिहिलाय," मी म्हणाले, आणि फॉर्म परत आत सरकवला.